युद्धनौकेचा राखाडी रंग नेमका कोणता?

रायपूरच्या सदर बाजारातून कुठल्याही दिशेने निघाले, तरी समुद्र निदान सुमारे 400 किलोमीटर दूर. सराफांच्या पेढ्या, जडजवाहीर आणि लग्नसराईची गर्दी यांत युद्धनौकेचा विषय निघण्याचे वरकरणी काही कारण नाही. पण देशात बांधलेल्या सर्वांत मोठ्या युद्धनौकेशी या भागाचे नाते थेट पोलादाचे आहे. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत नौदलात दाखल झालेल्या आयएनएस विक्रांतसाठी ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीने सुमारे 30,000 टन विशेष पोलाद पुरवले. ते भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांतून गेले. त्यांतले भिलाई रायपूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे. विक्रांतच्या अंगावरच्या काही पत्र्यांचा जन्म छत्तीसगडच्या मातीत झाला, ही गोष्ट इथल्या शाळकरी मुलांना किती वेळा सांगितली जाते?

समजा, रायपूरच्या एखाद्या मुलीने किंवा निवृत्त अभियंत्याने ही नौका घरच्या टेबलावर उभी करायची ठरवले. विक्रांतची लांबी 262 मीटर. 1:350 या प्रमाणात ती पाऊण मीटरच्या आत बसते, 1:700 मध्ये साधारण साडेसदतीस सेंटिमीटर होते. भाग चिकटले, हल म्हणजे नौकेचे धड तयार झाले, प्रायमर वाळला. आता प्रश्न उरतो रंगाचा, आणि ‘युद्धनौका राखाडी असते’ हे त्याचे उत्तर नव्हे. प्रतिकृतीच्या हलला दिलेला रंग हे इतिहासाविषयी केलेले विधान असते आणि इतर कुठल्याही विधानाप्रमाणे त्यालाही तारीख आणि आधार लागतो. आपल्याकडे हौशी कारागिरांपासून संग्रहालयांपर्यंत याबाबत जी ढिलाई दिसते, ती आता संपायला हवी.

आधी हलवर काय काय असते ते पाहू. जहाजाच्या पाण्याखालच्या भागाला जो तांबूस, विटकरी रंग दिसतो, तो शोभेसाठी दिलेला नसतो. समुद्रात उभ्या जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांच्या जातीचे जीव चिकटतात, त्यांनी वेग घटतो आणि इंधन जास्त जळते. त्यांना दूर ठेवण्यासाठी रंगात तांब्याची संयुगे घालतात. क्युप्रस ऑक्साइड मुळातच तांबडे असते, म्हणून तळ तांबडा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यासाठी कथिलाची सेंद्रिय संयुगे सर्रास वापरली गेली. ती समुद्री जीवांना घातक ठरल्याने आंतरराष्ट्रीय कराराने 2008 पासून त्यांच्यावर बंदी आली. म्हणजे तळाच्या रंगालाही काळाचा शिक्का असतो.

तळाच्या वर, जलरेषेलगत, काळा पट्टा येतो. त्याला बूट-टॉपिंग म्हणतात. बंदरातल्या पाण्यावर तेलाचा तवंग असतो आणि जहाज कधी भरलेले तर कधी हलके असल्याने पाण्याची रेषा वरखाली होते. तेवढ्या भागात मळ दिसू नये म्हणून काळा रंग. त्याच्या वर राखाडी. या तीन पट्ट्यांत प्रतिकृतीची सगळी परीक्षा होते. पट्टा प्रत्यक्षात दीड मीटर रुंद असेल, तर 1:350 मध्ये तो सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास असायला हवा. तो आठ मिलिमीटर झाला, की नौका पाण्यावर अवास्तव तरंगल्यासारखी दिसते, मग राखाडी कितीही अचूक असो.

जलरेषा आखण्याची पद्धत सोपी आणि जुनी आहे. हल सपाट काचेवर पक्का बसवायचा, ठोकळ्यावर योग्य उंचीला पेन्सिल बांधायची आणि ठोकळा काचेवर सरकवत हलभोवती फिरवायचा. आधी तांबडा रंग, मग मास्किंग टेप, मग काळा, पुन्हा टेप आणि शेवटी राखाडी. टेपची कड नखाने दाबून बसवली नाही, तर तिच्याखाली रंग झिरपतो. ही शिस्त हाताला महिन्याभरात येते. रंगाची शिस्त मात्र वाचनातून आणि शोधातून येते.

राखाडी हा युद्धनौकांचा सनातन रंग नाही. व्हिक्टोरियाच्या काळात ब्रिटिश आरमाराच्या नौका काळ्या हलच्या, वर पांढऱ्या आणि पिवळसर धुराड्यांच्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोफांचा पल्ला वाढला, दुरून दिसू नये ही गरज झाली आणि राखाडी आला. अमेरिकेच्या 16 युद्धनौका 1907 ते 1909 या काळात जगप्रदक्षिणेला निघाल्या, त्या पांढऱ्याशुभ्र होत्या. परतल्यानंतर त्यांनाही राखाडी लागला. भारतीय नौदलाची सर्वेक्षण जहाजे आजही पांढऱ्या हलची असतात, आणि तटरक्षक दलाच्या पांढऱ्या जहाजांवर केशरी-निळा तिरका पट्टा असतो. पाहणारा रंगावरूनच काम ओळखतो.

राखाडीतही एकवाक्यता नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी नौदलात कुरे, सासेबो, माइझुरू आणि योकोसुका या गोद्यांच्या छटा वेगवेगळ्या होत्या. प्रतिकृतींचे रंग बनवणारी तामिया ही जपानी कंपनी या चारही गोद्यांच्या नावाने चार स्वतंत्र बाटल्या विकते. अमेरिकी नौदलाने 1941 मध्ये पांढऱ्या मूळ रंगात जांभळट-निळी पेस्ट मिसळून छटा बनवण्याची पद्धत आणली. त्यामुळे त्या काळातल्या त्यांच्या राखाडीत निळसर झाक असते. लॉर्ड माउंटबॅटन यांनी 1940 मध्ये पहाट-संध्याकाळच्या प्रकाशात नौका लपावी म्हणून फिकट गुलाबीसर करडा रंग वापरायला लावला; तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच्याही आधी, 1917 मध्ये, नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराने उलटसुलट पट्ट्यांची रंगसंगती मांडली. तिचा हेतू नौका लपवण्याचा नव्हता. पाणबुडीतून पाहणाऱ्याला नौकेची दिशा आणि वेग यांचा अंदाज चुकावा, हा होता. एवढा विचार ज्या रंगामागे झाला, त्याला ‘कुठलाही राखाडी’ म्हणून मोकळे होणे हा त्या माणसांच्या कामावर अन्याय आहे.

मग खरी छटा शोधायची कशी? छायाचित्र पाहावे, असे चटकन सुचते. पण जुन्या छायाचित्रावर डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही. सुरुवातीच्या कृष्णधवल फिल्मला तांबडा रंग जवळजवळ काळा दिसे आणि निळा फिकट. रंगीत फिल्म वर्षांगणिक विटते, तिचा तोल एका बाजूला झुकतो. छटांचे मूळ नमुनेही निर्दोष राहत नाहीत. जवसाच्या तेलात बनवलेला रंग अंधारात ठेवला, की पिवळा पडतो. त्या पिवळेपणामुळे निळसर राखाडी नमुना पन्नास-साठ वर्षांनी हिरवट दिसू लागतो. असे नमुने प्रमाण मानून पुस्तके छापली गेली, त्यांवरून बाटल्या भरल्या गेल्या आणि हिरवट नौकांच्या फौजा जगभरच्या कपाटांत उभ्या राहिल्या. नंतर अभ्यासकांनी रंगाचे मूळ घटक आणि त्यांचे प्रमाण शोधून छटा नव्याने बनवल्या, तेव्हा जुन्या समजुती मोडल्या.

खुद्द जहाज शिल्लक असेल, तर उत्तर अधिक पक्के मिळते. पोर्ट्समथला असलेली एचएमएस व्हिक्टरी ही ट्रफाल्गरच्या लढाईतली नौका अनेक दशके गडद पिवळ्या पट्ट्यांत उभी होती. तिच्या लाकडावरचे रंगाचे थर एकेक करून तपासले गेले, आणि 1805 चा मूळ रंग बराच फिकट होता असे निघाले. 2015 मध्ये तिला तो रंग देण्यात आला. लाखो लोकांनी पाहिलेला, चित्रांत आणि प्रतिकृतींत घट्ट बसलेला रंग एका देशाने पुराव्यापुढे बाजूला ठेवला.

भारताच्या बाबतीत हा प्रश्न किती गुंतागुंतीचा होतो, ते आयएनएस दिल्लीच्या उदाहरणात दिसते. ही मूळची एचएमएस अकिलिस. 13 डिसेंबर 1939 रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत ती जर्मन युद्धनौका ग्राफ श्पेशी लढली. 1948 मध्ये ती भारताने घेतली. 1956 मध्ये या लढाईवर ब्रिटिश रंगीत चित्रपट आला आणि त्यात अकिलिसची भूमिका खुद्द आयएनएस दिल्लीनेच केली. तेव्हा प्रतिकृती करणाऱ्यापुढे निदान तीन नौका असतात: 1939 ची ब्रिटिश आरमाराची, पन्नासच्या दशकातली भारतीय नौदलाची आणि पडद्यावर 1939 चे सोंग घेतलेली. हल तोच, पण रंग, निशाण आणि बारीकसारीक साहित्य वेगळे. चित्रपटातल्या छटेवरून 1939 चा रंग ठरवणे म्हणजे नाटकातल्या पोशाखावरून पेशवाईचे कापड ठरवण्यासारखे आहे. म्हणून नियम एकच: आधी तारीख ठरवावी, मग रंगाची बाटली उघडावी.

तारखेची कसोटी निशाणावरही लागते. भारतीय नौदलाच्या ध्वजावर 2001 पर्यंत तांबडा क्रॉस होता. 2001 ते 2004 तो नव्हता. 2004 मध्ये तो राजमुद्रेसह परत आला. 2014 मध्ये त्यात ‘सत्यमेव जयते’ आले. आणि 2 सप्टेंबर 2022 रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून प्रेरणा घेतलेला अष्टकोन ध्वजावर आला. जुन्या विक्रांतच्या, म्हणजे याच नावाच्या आधीच्या नौकेच्या, प्रतिकृतीवर आजचा ध्वज लावला, तर 1961 ते 1997 या सेवाकाळातला एकही दिवस त्या प्रतिकृतीशी जुळत नाही. ध्वजाची चूक कोणीही पकडतो. रंगाची चूक तेवढीच मोठी असते, फक्त ती पकडणारे डोळे कमी असतात.

रायपूरसारख्या शहरात साहित्य मिळत नाही, ही सबब अर्धीच खरी आहे. परदेशी बाटल्या महाग पडतात, ज्वालाग्राही रंग विमानाने पाठवण्यावर निर्बंध असतात, हे खरे. पण भारतीय मानक क्रमांक 5 मध्ये रंगांच्या छटांना क्रमांक दिलेले आहेत. त्यात 632 ही ‘डार्क ॲडमिरल्टी ग्रे’ आणि 697 ही ‘लाइट ॲडमिरल्टी ग्रे’. ब्रिटिश नौदल-कचेरीची आठवण सांगणारी ही नावे आज भारतभर कारखान्यांतली यंत्रे आणि विजेची पॅनेले रंगवण्याच्या निविदांत लिहिली जातात. उरला आणि सिलतरा या रायपूरच्या औद्योगिक वसाहतींना रंग पुरवणाऱ्या दुकानदाराला हे क्रमांक अनोळखी नसावेत. हेच आजच्या नौकांचे अधिकृत रंग असे मानू नये. पण छटापत्रावरचा क्रमांक हा सुरुवातीचा पक्का खुंटा असतो. ‘थोडा गडद’ आणि ‘थोडा निळा’ या शब्दांना त्यामुळे मोजमाप मिळते.

पुढे हाताची करामत. 1931 मध्ये दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅमलिनचे ॲक्रिलिक रंग कुठल्याही शहरात मिळतात. टायटॅनियम पांढरा, काळा आणि अल्ट्रामरीन निळा या तिघांतून नौदलाच्या बहुतेक राखाडी छटांच्या जवळ जाता येते. काळा कोणता, यालाही महत्त्व आहे. काजळीपासूनचा काळा पांढऱ्यात मिसळला, की थंड, निळसर राखाडी देतो. इतर काही काळे उबदार, तपकिरी झाक देतात. मिश्रणाचे प्रमाण थेंबांत मोजून वहीत लिहावे आणि शेजारी त्याच मिश्रणाचा ठिपका लावून ठेवावा. ओला ॲक्रिलिक फिकट दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो, म्हणून निर्णय नेहमी वाळलेल्या ठिपक्यावरच घ्यावा.

प्रकाशाबाबत सदर बाजाराचे ज्ञान थेट उपयोगी पडते. जाणकार गिऱ्हाईक पन्ना किंवा माणिक दुकानातल्या दिव्याखाली पसंत करत नाही, उंबऱ्यावर येऊन दिवसाच्या उजेडात पाहते. राखाडीचेही तसेच. दोन छटा एलईडीखाली तंतोतंत जुळतात आणि उन्हात एक हिरवट, दुसरी जांभळट दिसते, कारण त्यांतले रंगद्रव्य वेगळे असते. नमुना आणि मिश्रण उत्तरेच्या खिडकीत, ढगाळ दुपारी शेजारी ठेवून पाहावे.

यानंतर जाणकारांमध्ये खरा वाद आहे तो आकारमानाचा. 1:700 ची नौका अर्ध्या मीटरवरून पाहिली, तर डोळ्याला ती 350 मीटरवरच्या खऱ्या नौकेएवढी दिसते. एवढ्या अंतरात हवेतला धूसरपणा गडद रंगाला फिकट आणि किंचित निळा करतो. म्हणून गोदीत वापरलेला नेमका रंग छोट्या प्रतिकृतीला लावला, तर ती काळवंडलेली वाटते. काही कारागीर त्यासाठी पांढरा मिसळतात. काही म्हणतात, खरा तोच लावा, उरलेले काम डोळ्यावर सोपवा. दोन्ही बाजूंना आधार आहे. पण पांढरा मिसळणाऱ्यानेही मूळ छटा आधी ठरवलेली हवी. कशापासून किती ढळलो हे ज्याला माहीत आहे, त्यालाच असे ढळण्याचा अधिकार आहे.

यावर आक्षेप येतो तो असा, की ही हौस आहे, तिला परीक्षा कशाला करता? रविवारी दोन घटका मन रमवणाऱ्या माणसाला छटांच्या क्रमांकात अडकवले, तर तो हौसच सोडेल. या म्हणण्यात तथ्य आहे आणि नवशिक्याच्या पहिल्या नौकेवर कोणी बोट ठेवू नये. पण तीच प्रतिकृती शाळेच्या प्रदर्शनात, मंडळाच्या सभागृहात किंवा संग्रहालयाच्या काचेआड जाते, तेव्हा ती खाजगी हौस राहत नाही. तिच्यासमोर उभे राहणारे मूल ‘नौका अशी होती’ असेच शिकून जाते. दीवमध्ये आयएनएस खुकरीच्या स्मारकात त्या नौकेची प्रतिकृती काचेत ठेवली आहे. 9 डिसेंबर 1971 रोजी खुकरी बुडाली, तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. अशा नौकेच्या बाबतीत, ती शेवटच्या दिवशी कशी दिसत होती, हा प्रश्न श्रद्धेइतकाच पुराव्याचाही आहे.

पुरावा मात्र आपल्या हातून निसटतो आहे. जुनी विक्रांत मुंबईत बरीच वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती. 2014 मध्ये ती तोडायला गेली. तिच्या धातूतून मोटारसायकली निघाल्या, मुंबईत स्मारक उभे राहिले. पण व्हिक्टरीसारखे थर वाचायला ते जहाज उरले नाही. आयएनएस विराट या विमानवाहू नौकेला सिंधुदुर्गात निवतीजवळ ठेवण्याच्या योजनेला महाराष्ट्र मंत्रिमंडळाने 2018 मध्ये मंजुरी दिली होती. 2020 मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी पोहोचली. 2025 मध्ये निवतीजवळच पाण्याखालच्या संग्रहालयासाठी आयएनएस गुलदार राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे सोपवली गेली. ही कल्पना चांगली आहे, पण समुद्रतळाशी रंग टिकत नाही. अशा प्रत्येक नौकेची रंगनोंद ती पाण्याखाली किंवा भंगारात जाण्याआधीच व्हायला हवी.

मराठा आरमाराच्या प्रतिकृतींना तर दुप्पट जपायला हवे. दिवाळीच्या किल्ल्याशेजारी ठेवलेल्या गुराबेला किंवा गलबताला चकचकीत भगवा देणे मुलांच्या उत्साहाला शोभते. संग्रहालयाच्या गुराबेला तेवढे पुरत नाही. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर लाकडाला तेल पाजले जाई आणि कीड लागू नये म्हणून तळाला चुना व तेल यांचा लेप दिला जाई. असा तळ पांढुरका दिसे. तांबडा तळ हा नंतरच्या लोखंडी जहाजांचा. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानात बांधलेली एचएमएस ट्रिंकोमाली 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. मुंबईच्या कारागिरीचा एवढा मोठा नमुना शिल्लक असताना, लाकडी नौकेच्या हलवर आधुनिक लाल ऑक्साइड फासलेली प्रतिकृती मराठी माणसाने खपवून घेऊ नये.

व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांनी 1978 मध्ये मुंबईत मॅरिटाइम हिस्टरी सोसायटीचा पाया घातला, तो सागरी इतिहासाची नोंद राहावी म्हणूनच. त्या कामात रंगाचे दालन जोडले जावे. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक नौकेच्या हलचा, तळापासून वरपर्यंत, हातभर पत्रा रंगासह जतन करावा. रंगमापक यंत्राने त्याची आकड्यांत नोंद घ्यावी, रंग देण्याचे जुने तपशील सुरक्षिततेला बाधा न येता खुले करावेत आणि संग्रहालयांनी प्रत्येक प्रतिकृतीखाली ती कोणत्या वर्षीची नौका दाखवते आणि रंग कशावरून ठरवला हे छापावे. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च लागत नाही.

रायपूरकरांनी मुंबईची वाट पाहण्याचेही कारण नाही. 1875 पासूनचे महंत घासीदास संग्रहालय सदर बाजारापासून जवळ आहे, भिलाईचा कारखाना शेजारी आहे आणि नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे रुजलेला मराठी समाज चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात एकत्र येतो. मंडळाने पुढाकार घेऊन शाळकरी मुलांकडून 1:350 ची विक्रांत बांधून घ्यावी. नौदलाकडे अधिकृत छटेची लेखी विचारणा करावी आणि आलेल्या उत्तराची प्रत प्रतिकृतीखालीच लावावी. भिलाईने पोलादाच्या पत्र्याचा एक तुकडा शेजारी ठेवायला द्यावा. 2 सप्टेंबर हा विक्रांतच्या दाखल होण्याचा दिवस दरवर्षी गणेशोत्सवाच्या आगेमागे येतो. पुढच्या वर्षीच्या देखाव्यांची बैठक होईल, तेव्हा हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर असावा.